लॅपटॉपचं वजन, आठ किलो सहाशे

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमचं बौद्ध घर. अंगारे-धुपारे, नजर, करणी असलं काही आमच्याकडे चाललं नाही. वडील तर फारच कडक. कुणी म्हणालं की अमक्या पिंपळावर काहीतरी आहे, की ते म्हणायचे, "आहे ना, कावळे आहेत." मीही त्याच वळणाची. हा अनुभव दुसऱ्या कुणी सांगितला असता तर मी तोंडावर हसले असते. पण तो माझाच आहे आणि गेले चार महिने कुणाशी धड बोलता आलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी राहते वरवे बुद्रुकला. नसरापूरला माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दाखले, शिष्यवृत्ती, पीक विमा, वारस नोंद... जे येईल ते. गुरुवारी आमच्याकडे दिवसभर लाईट नसते. मग दुकानात माश्या मारत बसण्यापेक्षा मी वेल्ह्याकडच्या वाड्यांवर जाते. तिथली म्हातारी माणसं खाली येऊ शकत नाहीत. त्यांच्या ओटीवर बसून माहिती टाईप करायची, छापील अर्जावर सह्या-अंगठे घ्यायचे आणि शुक्रवारी दुकानातून अपलोड करायचं, अशी माझी पद्धत.

माझ्या कमरेत दोन मणके सरकलेत. आधीचा लॅपटॉप म्हणजे नुसता पाटा होता! डॉक्टर म्हणाले, एकतर ओझं सोडा नाहीतर धंदा सोडा. म्हणून मागच्या वर्षी हा नवा घेतला. वहीएवढा पातळ, वजन एक किलो दोनशे ग्रॅम. सकाळी फुल चार्ज केला की संध्याकाळी घरी येईपर्यंत चालतो, चार्जर न्यावाच लागत नाही. नवरा चेष्टा करतो, "बॅगेत आहे ना गं? का घरीच राहिला?" खरंच, खांद्यावर आहे हे कळायचंसुद्धा नाही.

तर तो गुरुवार. मार्गासनीच्या वर डोंगराच्या अंगाला सात-आठ घरांची एक वाडी आहे. नाव मुद्दाम देत नाही. रस्त्यापासून अर्ध्या तासाची चढण. तिथल्या एका शेतकरी घरातले बाबा वारले होते आणि दोन मुलांना वारस नोंद करायची होती. थोरले अण्णा, पन्नाशीचे, जरा आडदांड. धाकटे बापू, ते काही बोलतच नव्हते. आणि त्यांची आई. आजींची पंच्याहत्तरी कधीच उलटली असावी. उंबऱ्याशी गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या.

मी वंशावळ टाईप करायला घेतली. मयताचं नाव, पत्नीचं नाव... मग नेहमीसारखं विचारलं, "मुलं किती?"

"दोन," अण्णा म्हणाले.

"तीन," उंबऱ्यातून आवाज आला.

मी वर बघितलं. अण्णा हसल्यासारखं करून म्हणाले, "तिचं काय मनावर घेऊ नका म्याडम. वय झालंय. आमी दोघंच."

"माझी तीन लेकरं," आजी पुन्हा म्हणाल्या. भांडून नाही, अगदी साधं. "कुसुम हाय."

"मेली ती!" अण्णा ओरडले. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "वीस वर्सं झाली. पळून गेली. आमच्या लेखी मेली. बाबांनी तिच्या नावानं आंघोळ केली व्हती." माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर तथागतांचं चित्र आहे. त्यांनी ते बघितलं, नजर काढून घेतली आणि म्हणाले, "तुमच्यातल्याच एका पोराबरोबर गेली."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. उठून निघावं असं वाटलं. जिवंत मुलगी वारसातून गाळता येत नाही, हे मला तोंडपाठ आहे. पण मी काय केलं माहीत आहे? स्वतःला म्हटलं, बाई, तू टायपिस्ट. तू काय तलाठी आहेस? लोक सांगतील ते लिहायचं. घरोघरी मातीच्या चुली. आणि मी दोनच नावं टाईप केली.

एवढ्यावर थांबले असते तरी... जाऊ दे, लिहायचंच आहे तर सगळं लिहिते. आजी अंगठा द्यायला तयार नव्हत्या. मूठ घट्ट मिटून बसल्या. अण्णांनी त्यांचा हात धरला, बोट सोडवलं आणि अंगठा अर्जावर दाबला. शाईचं पॅड मी धरलं होतं. आजींनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी बॅगेची चेन लावण्यात गुंतल्यासारखं दाखवलं.

बॅग उचलायला गेले तर उचलेना.

मला वाटलं पट्टा कशाततरी अडकलाय. बघितलं, मोकळाच होता. जोर लावला तशी कमरेत कळ आली. म्हटलं झालं, सरकला मणका! अण्णांनी "द्या हिकडं" म्हणून बॅग उचलली आणि तेही वाकले. "आयला! दगडं भरलीत का काय ह्यात?" पाणंदीपर्यंत त्यांनीच आणून दिली, जाताना दोनदा हात बदलला. आत लॅपटॉप, अर्जांची फाईल, शाईचं पॅड आणि पाण्याची अर्धी बाटली, एवढंच होतं.

पुढची उतरण मी कशी उतरले माझं मला माहीत. खांद्यावर पेलेना, हातात धरवेना. शेवटी कडेवर घेतली, पोर घेतात तशी. आणि हे लिहिताना आत्तासुद्धा अंगावर काटा येतोय — ती कडेवर बरोबर बसली. माझ्या मुली लहान असताना त्यांना कडेवर घेऊन मी असेच उतार उतरलेय. तेच वजन. मी बॅगेला थोपटत होते हे मला निम्म्या वाटेत कळलं.

मार्गासनीत रस्त्यालगत एका काकांचं किराणा दुकान आहे. म्हटलं, "काका, हे जरा काट्यावर ठेवता का?" त्यांनी बॅगेतून नुसता लॅपटॉप काढला आणि दोन्ही हातांनी काट्यावर ठेवला. आठ किलो सहाशे. काकांनी काटा पुसला, एक किलो साखरेची पिशवी ठेवून बघितली. बरोबर एक किलो. पुन्हा लॅपटॉप, पुन्हा आठ सहाशे. मी तो उघडला. चालू झाला, बॅटरी एक्क्याऐंशी टक्के, सगळं व्यवस्थित. वंशावळीची फाईल उघडी होती, त्यात दोन नावं.

काका म्हणाले, "ताई, कुठनं आलात तुमी?" मी घराचं नाव सांगितलं. त्यांनी साखरेची पिशवी जागेवर ठेवली. म्हणाले, "कुसुम लई गुणाची पोरगी व्हती."

मी भ्याले. सरळ सांगते, भ्याले. पण त्याहून जास्त लाज वाटली. काकांना म्हटलं लॅपटॉप तुमच्याकडे ठेवते, पण ते नको म्हणाले. मग तशीच कडेवर घेऊन पुन्हा चढण चढले. दोन ठिकाणी बसले. एका ठिकाणी रडले.

आजी अंगणातच होत्या. म्हणाल्या, "आलीस व्हय पोरी." मी आधी अंगठ्याचा तो अर्ज फाडला आणि लॅपटॉप उघडला. अण्णा धावत बाहेर आले. मी म्हटलं, "अण्णा, ओरडायचं तेवढं ओरडा. आजी, कुसुमताईंचं पूर्ण नाव सांगा."

आजींनी सांगितलं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, एकदाही न अडखळता. मग म्हणाल्या, "सारोळ्याला दिली."

"दिली कुठं? पळून गेली ती!" अण्णा.

"तुमच्यासाठी पळाली," आजी म्हणाल्या. "म्या दिली."

मी नाव टाईप केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. फाईलमधल्या कोऱ्या अर्जावर तिन्ही नावं लिहिली, त्यावर आजींनी आपणहून अंगठा उमटवला. आजींकडे मोबाईल नाही, म्हणून संपर्काला मी माझाच नंबर टाकला. अण्णांनी संतापून बॅगेत लॅपटॉप कोंबला आणि ती मला फेकून मारावी तशी उचलली... आणि तशीच धरून उभे राहिले. बॅग हलकी होती. त्यांनी ती खालीवर करून बघितली, उघडून आत बघितलं आणि मटकन खाली बसले. बापू सबंध दिवसात पहिल्यांदा बोलले, "दादा, सही करू." दोघांनी केली.

उतरताना काकांच्या काट्यावर पुन्हा ठेवला. एक किलो दोनशे.

पुण्यात सर्व्हिस सेंटरला नेऊन उघडून घेतला. काही निघालं नाही, तिथला मुलगा वजनाचं ऐकून माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागला. कमरेचा एमआरआय काढला, जुनंच दुखणं, नवीन काही नाही. माझी कंबर खोटं बोलली असेल, पण काटा? आणि अण्णांचा हात? कुणाला यामागचं शास्त्र माहीत असेल तर खरंच सांगा, मला ते हवंच आहे.

मग महिन्याभरानं एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज. सारोळ्याला तलाठ्याची नोटीस पोचली होती.

"माझं नाव कुणी घातलं ह्याच्यात?"

मी म्हटलं, "तुमच्या आईंनी."

मग एकदम बारीक आवाजात, "आई हाय?"

तिला सात वर्षांपूर्वी माहेरून कुणाकरवी निरोप धाडला होता की आई गेली, मातीलाही येऊ नकोस. ती आली नव्हती. सात वर्षं ती आईच्या फोटोला हार घालत होती.

"हाय का हो?" तिनं पुन्हा विचारलं. "ताई, खरं सांगा, हाय का?"

मी म्हटलं, "आहे. उंबऱ्याशी बसलेली असते. तुम्ही आत्ताच्या आत्ता निघा." ती दुपारच्या एसटीनं निघाली, संध्याकाळी पोचली. पुढचं मला काकांकडून कळलं, पण ते त्या मायलेकींचं आहे, मी लिहिणार नाही.

मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. या धंद्यात मला अकरा वर्षं झाली. 'बहीण नाही', 'बहिणीचं नाव नको', 'ती काही मागणार नाही' असं भाऊ म्हणाले आणि मी मान हलवून टाईप केलं, असे कागद किती झाले असतील, मला मोजवत नाहीत. त्या बायकाही कुठेतरी असतीलच ना? त्या प्रत्येक वेळी मी बॅग खांद्याला लावली आणि आरामात घरी आले. एकदाही जड लागली नाही.