बाबांचा कोट

फोटोतला माणूस कापून दुसरीकडे चिकटवला, की तो जोड कडांवरून पकडला जातो. संगणकावर असे जोड ओळखायला मी नुकतीच शिकू लागलेय. सरावासाठी भिंतीवरच्या बाबांच्या फोटोचा हार काढला, मोबाइलवर फोटो टिपला आणि संगणकावर गळ्यापाशी मोठा केला. कोटाची कॉलर मानेला टेकतच नव्हती. चेहऱ्यावर उजेड डावीकडून होता, कोटावर उजवीकडून.

“आई, बाबांकडे कोट होता?”

“छे. ते गेल्यावर स्टुडिओवाल्याने फोटोत घातला. शर्ट उसवलेला होता ना,” आई भाजी निवडत म्हणाली.

त्या कोटाला नमस्कार करून मी सगळ्या परीक्षांना गेले होते.

आता कुणाचाही फोटो आला, की मी आधी कडा तपासते. बाबांचं हसू मात्र अजूनही मोठं करून पाहिलेलं नाही.