देवळाच्या पातेल्यातला पास्ता

लग्न होऊन मी कासार आंबोलीला आले त्याला पंधरा वर्षं झाली, आणि या पंधरा वर्षांत सासूबाईंनी माझ्या हातचा एक घास खाल्ला नव्हता. भांडण नव्हतं हो. मी त्यांना आत्या म्हणते, त्या मला "अगं ए" म्हणतात, आणि आमचं बरं चाललेलं असतं. पण आत्या माळकरी, आणि माझं माहेर कासारसाईचं. धरणाच्या कडेला वाढलेली मी, मासे सोडीन होय? आल्याआल्याच सांगून टाकलं, नाही सोडणार. त्याही तितक्याच सरळ म्हणाल्या, "मग तुझी भांडी तुला, माझी मला." तेव्हापासून एका घरात दोन स्वयंपाक. त्यांची भांडी एका माणसाची, माझी तिघांची. म्हणजे मी, हे आणि आमची मुलगी.

मला ते लागायचं, खोटं कशाला बोलू? आळीत माझ्या आमटीचं नाव, आणि घरातलंच माणूस माझ्याकडे पाठ करून स्वतःची भाकरी मोडतंय. एकदा डोकं फिरलं तेव्हा मी विचारलंही, "आत्या, माझ्या हाताला काय विष लागलंय का?"

"हाताला न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "भांड्याला."

तर आमची मुलगी आठवीत. वरच्या खोल्या आम्ही हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका जोडप्याला भाड्यानं दिल्यात. त्यातल्या ताईकडून ही पास्ता शिकून आली आणि एका रविवारी तिन्हीसांजेला जाहीर केलं, की आज सगळ्यांना पास्ता. एकाच भांड्यात सगळं शिजतं आणि सगळ्यांनी त्यातलंच खायचं. "आजीनं पण," ती म्हणाली.

मी हसले. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी पुडा मागून घेतला, चष्मा लावला, हात लांब करून पुड्यावरचा हिरवा ठिपका बघितला. "अंडं न्हाई ना ह्यात?"

"नाही आजी."

"मग खाईन की. पण भांडं कुटलं?"

झालं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या स्वयंपाकघरात मासा न बघितलेलं भांडं नव्हतं. आणि आत्यांच्या पातेलीत पास्त्याची एक मूठ मावली असती, फार तर दीड. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे म्हणाले, "थांबा, मी आणतो भांडं," आणि चपला घालून गेले. कुठं, ते सांगायची पद्धत यांच्यात नाही.

अर्ध्या तासानं आले ते खांद्यावर देवळातलं पातेलं घेऊन. सप्ताहात त्यात डाळ शिजते, चाळीस माणसांची.

"हेच सगळ्यात लहान होतं," हे म्हणाले. "आणि देवळातलं आहे. आता आई नाही म्हणूच शकत नाही."

ते खरं होतं. आत्यांनी पातेल्याला नमस्कार केला आणि दारापुढच्या ओट्यावर मांडी घालून बसल्या. आज या बाईच्या पोटात माझ्या हातचं जाणार होतं.

गॅसवर पातेलं बसेना, म्हणून अंगणात तीन दगड मांडले. कांदा-टोमॅटो परतला, तीन पुडे ओतले. तळ नुसता झाकला गेला. वरच्या ताईनं पोरीला माप दिलं होतं, नळ्या बुडून वर दोन बोटं पाणी. पोरगी मापाला पक्की. ताईच्या टोपात दोन बोटं म्हणजे दोन तांबे, आणि या पातेल्यात म्हणजे अख्खी बादली. बादली रिकामी झाल्यावर आमच्या ते लक्षात आलं. नळ्या लाल पाण्यात पोहत होत्या. पोरगी रडायच्या बेताला आली आणि मी यांच्यावर डाफरले, कारण जवळ हेच होते.

तेवढ्यात शेजारच्या काकू फाटकातून आत आल्या. हातात ताटली. त्यांच्या मागं दोघी सुना, त्यांच्याही हातात ताटल्या.

मग मला आठवलं. यांनाही आठवलं असावं, कारण हे एकदम गोठ्याकडे चालते झाले. देवळाचं पातेलं ज्याच्या दारी गेलं त्याच्या घरी प्रसाद, अशी आमच्या आळीची रीत आहे. आमंत्रण लागत नाही. आपापली ताटली घेऊन यायचं. आणि हा शहाणा माणूस ते पातेलं खांद्यावर घेऊन भर रस्त्यानं, पारावरच्या सगळ्यांना रामराम करत आला होता.

बघता बघता अंगणात पंचवीसेक माणसं झाली. खालच्या अंगाचे मेंढरंवाले म्हातारबाबासुद्धा काठी टेकत आले. माझं डोकं इतकं तापलं होतं की मी सरळ सांगणार होते, प्रसाद-बिसाद काही नाही, घरी जा. पण आत्या उठल्या. पदर खोचला.

"दारात आलेल्याला माघारी लावत न्हाईत," त्या म्हणाल्या. "पाणी हाय ना भरपूर? मग झालं."

पुढं त्या सांगत गेल्या आणि मी करत गेले. गोठ्यातून यांना बाहेर काढून दुकानात पिटाळलं, ते मॅकरोनीचे होते तेवढे पुडे घेऊन आले. वरचं जोडपं आपले दोन पुडे आणि चीज घेऊन खाली आलं. काकूंनी टोमॅटो दिले. मग आत्या आत गेल्या आणि स्वतःची कढई आणून माझ्या हातात दिली. "मिरची-लसणाची फोडणी दे वरनं. तूच दे."

त्यांची कढई मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा धरली.

राहिलं मीठ. देवळाच्या पातेल्यातलं आधी देवाला जातं, म्हणून चाखून बघायची सोय नाही. एवढ्या माणसांचं मीठ, तेही न चाखता. मी देवाचं नाव घेतलं आणि मुठीनं घातलं. पोरगी वाटी घेऊन देवळात गेली. आमच्या मारुतीरायाला कांदा-लसूण चालतो, पण पास्त्याचा नैवेद्य पहिलाच असावा.

पंगत बसली. म्हातारबाबांनी ताटली निरखून विचारलं, "ह्यो कसला भात?"

"नळीचा," आत्या बेधडक म्हणाल्या.

"बरा हाय. दात लागत न्हाईत. वाढ आजून."

सगळ्यांनी पुन्हा पुन्हा मागून घेतलं. यांनी तर तिसऱ्यांदा. वाढत होत्या आत्या, आणि माझं लक्ष फक्त त्यांच्याकडे. आता बसतील, मग बसतील. त्या बसेनात, आणि पातेलं खाली खाली जात होतं. शेवटची ताटली उठली तेव्हा आत काही उरलं नव्हतं. गावानं खाल्लं, देवानं खाल्लं, आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तीच उपाशी. मला इतका संताप आला की मी झाडू उचलून अंगण झाडायला घेतलं. झाडायची काही गरज नव्हती.

मागं खरवडल्याचा आवाज आला. आत्या पातेल्याशेजारी जमिनीवर बसल्या होत्या आणि उलथन्यानं तळाची खरपुडी काढत होत्या. मला वाटलं, घासायला घेतलंय. म्हटलं, "राहू द्या, मी घासते."

त्यांनी खरपुडीचा तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. माझा झाडू हातातच राहिला.

"मीठ बरोबर पडलंय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तू तरी कुटं जेवलीस? ये, बस."

मी समोर बसले. त्या खरवडायच्या आणि निम्मं माझ्या बाजूला सरकवायच्या. एका पातेल्यातून आम्ही दोघी खात होतो. मला रडू आलं. धुराचं निमित्त सांगायचीही सोय नव्हती, चूल कधीच विझली होती. त्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

तळ लख्ख झाल्यावर हात झटकत उठल्या. "उद्या पौडला गेलीस की एक नवं पातेलं आण. मासा घालायचा न्हाई त्यात."

"केवढं आणू?" मी विचारलं.

"केवढं म्हंजी?" आत्या म्हणाल्या. "चौघांचं आण."