टिचकीचा भरवसा

कारखान्यात त्यांना सगळे चाकवाल्या मावशी म्हणत. तरणाताठा नवरा गेला, पदरात लेक, आणि मावशी काच घासायच्या चाकावर ज्या बसल्या त्या केस पिकेपर्यंत. वस्तूला चकाकी आली की ती कानाशी धरायची अन् नखानं टिचकी मारायची. टणटणीत वाजली तर पास, बद्द वाजली तर आत तडा. डोळ्यांना न दिसणारा तडा मावशींचा कान पकडायचा. मग मुकादम एकदा वाजवून बघायचा आणि माल बाहेर. मालक पाहुण्यांना सांगायचा, "मशिनी एकीकडे अन् मावशींचे कान एकीकडे!"

डोंबलाचे कान! चाकाच्या घरघरीनं त्यांची केव्हाच वाट लागली होती. पण सांगितलं की घरी बसा. म्हणून मावशी ओठ बघून बोलणं ओळखायच्या, टिचकी मारायच्या, मान डोलवायच्या. काही राहिलंच तर मुकादम आहेच, असं मनाला समजवायच्या.

अशात देशाच्या संविधानाच्या स्मृतिचिन्हांचं काम आलं. विटेएवढा स्फटिकाचा ठोकळा, त्यात संविधानाचं पहिलं पान कोरलेलं. मोजकेच नग, जमवणाऱ्यांच्या उड्या पडाव्यात असे देखणे. पहिला नग समारंभात द्यायचा होता. मावशींनी त्यालाही टिचकी मारून पुढे सरकवलं.

संध्याकाळी लेक नाचतच घरी आली. ती शाळेत शिकवायची. "आई, उद्या पहिलं पान मी वाचणार! तुमच्याकडचा तो ठोकळा माझ्याच हातात देणार आहेत!"

मावशींना तो न ऐकताच पास केलेला नग आठवला. तडा असलेली काच दिव्यांखाली तापली तर? एका कारागिराच्या हातात असाच नग फुटला होता. त्याची बोटं आजही वळत नव्हती. लेकीचे तळवे डोळ्यांपुढून हलेनात. आणि मेली लाजही वाटली. इतके दिवस दुसऱ्यांच्या लेकीबाळींच्या हातांत माल जात होता, तेव्हा नाही जीव असा कासावीस झाला!

सकाळी गाडीत पेटी चढवायला मुकादम आला, तर मावशी आडव्या आल्या.

"मुकादम, ही पेटी सोडू नका. मला ऐकू येत नाही. कधीपासूनच येत नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, पण तुम्ही नीट कान देऊन एकदा वाजवा."

मुकादमानं ठोकळा काढला, नख टेकवलं आणि हात तसाच थांबला.

"मावशी," तो म्हणाला, "मलाही ऐकू येत नाही हो, मीही ओठच बघतो. तुम्ही पास केलंत म्हणजे झालं, या भरवशावर मी धाडत होतो."

आपण ओठ चुकीचे तर वाचले नाहीत ना, म्हणून मावशींनी त्याला पुन्हा बोलायला लावलं. तेच शब्द. त्यांनी ठोकळा त्याच्या हातातून काढून घेतला आणि मटकन पायरीवर बसल्या.

"हा तर अडवला," त्या म्हणाल्या. "पण आजवर गेलेले, मुकादम? ते कुणाच्या हातात असतील हो?"