सहाव्या भागातलं घड्याळ

आमच्या वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, चौतीस वर्षं एका ग्रंथालयात बाइंडर होत्या. फाटकी पुस्तकं उसवायची, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, पुन्हा शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा. त्यांच्या हातचं पुस्तक भिंतीवर आपटलं तरी पान निघत नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि चारचौघांत सांगायच्या.

निवृत्त झाल्या तेव्हा ग्रंथालयाने जुनी म्हणून काढलेली बारा पुस्तकं त्यांनी घरी आणली. एका हेर कुटुंबाच्या गमतीदार गोष्टी. आजोबा, सून आणि दोन नातवंडं मिळून गावभरच्या चोऱ्या उघडकीला आणतात, आणि आजोबांचा चष्मा मात्र बाराही भागांत कुणाला सापडत नाही. तरुणपणी वन्संनी ही सगळी शिवायला आली तेव्हा, उसवण्याआधी, कामाच्या टेबलावरच वाचून काढली होती. या वर्षी गुडघ्यांमुळे घरात बसणं आलं, तशी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पाच भाग सुखाने झाले. सहाव्याने घात केला.

"वहिनी, जरा येतेस?" असा फोन आला. मी समोरच्याच इमारतीत राहते. गॅस बंद केला आणि गेले. वन्सं पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या, चेहरा पार उतरलेला.

"यात बँकेतलं भिंतीवरचं घड्याळ चोरीला जातं," त्या म्हणाल्या. "ते घड्याळजीच्या सासूने नेलेलं असतं. मला पक्कं आठवतंय. पण इथे लाँड्रीवाला कबुली देतोय, आणि आजोबा कुणाला तरी त्याची कवळी परत करतायत."

"कवळी कुठून आली मधेच?"

"तेच तर कळत नाही. चारदा वाचलं. मधलं काहीतरी वाचते आणि लगेच विसरते बहुतेक."

एरवी मी पोट धरून हसले असते. पण मागच्याच महिन्यात त्या दूध गॅसवर ठेवून शेजारी गप्पा मारायला गेल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांच्या मुलाने डोक्यात घेतलं होतं की आईला आता एकटं ठेवायचं नाही. तो दुसऱ्या शहरात असतो. त्यात वन्संनी त्याला फोन करून घड्याळ कुणी चोरलं ते तीनदा विचारलं. झालं. रविवारी येतो, सामान भरून ठेव, घराला कुलूप लावू, असं त्याने सांगूनच टाकलं.

"या घरातली कपाटंसुद्धा मी माझ्या उंचीची करून घेतलीत. ती सोडून त्याच्या हॉलमध्ये झोपू?" वन्सं म्हणाल्या, आणि मग आपणच पुटपुटल्या, "डोकंच गेलं असेल तर कुठेही झोपले तरी काय."

मला ते ऐकवेना आणि मी चिडले. पुस्तकांचा आणि माझा छत्तीसचा आकडा, तरी म्हटलं, "द्या इकडे. मी वाचते, तुम्ही ऐका. काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

दुपारभर वाचलं. जिकडे तिकडे घड्याळ, आणि एक पान उलटलं तर लाँड्रीवाला हात जोडून उभा. मला वाटलं, विनोदी पुस्तक आहे, असंच असेल. पण कवळी निघाली तेव्हा माझंही डोकं गरगरायला लागलं. दोघींचं एकदम कसं बिघडेल?

"थांब," वन्सं म्हणाल्या. "आधीचं पान परत वाच."

"'आजोबांनी घसा खाकरला आणि'," मी वाचलं. समोरच्या पानावर गेले. "'सगळ्यांकडे रोखून पाहिलं.'" जोड बरोबर होता. पानांचे आकडेही सलग, एकशे अठ्ठावीस आणि एकशे एकोणतीस.

वन्संनी पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं. मजकूर बघितलाच नाही, पानाचा तळ बघितला. तिथे एक बारीक आकडा असतो, हा फर्मा कितव्या भागाचा ते सांगणारा. मला तो जन्मात दिसला नसता. बाकी सगळ्या फर्म्यांवर सहा होता. शेवटच्यावर नऊ.

गुडघ्यांची पर्वा न करता त्या उठल्या आणि कपाटातून नववा भाग काढला. त्याच्या शेवटच्या फर्म्यात घड्याळजीची सासू होती. घड्याळ पाळण्यात निजवून ती मोठमोठ्याने अंगाई म्हणत होती, टिकटिक कुणाला ऐकू येऊ नये म्हणून.

"वन्सं, तुमचं डोकं ठणठणीत आहे," मी म्हटलं. "दोन पुस्तकांचे शेवट इकडचे तिकडे शिवलेत, एवढंच." आणि लगोलग भाच्याला फोन लावला.

वन्सं हसल्या नाहीत. शिवणीवरून अंगठा फिरवत होत्या. "हे टाके माझे आहेत," त्या म्हणाल्या. "दोन्ही एकाच दिवशी उसवली असणार मी."

"मग काय झालं? इतक्या वर्षांत एकाने तरी तक्रार केली का?"

"नाही ना. म्हणजे सगळ्यांनी असंच वाचलं." मग हळूच म्हणाल्या, "त्याला हे सांगू नकोस. आई विसरते म्हणून सांग."

"अहो, घर सोडावं लागेल तुम्हाला."

"लागू दे."

तेवढ्यात भाच्याने फोन उचलला. "हां मामी, बोल."

मला खोटं बोलवेना. वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. मी फोन दिला.

"रविवारी येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आठवण ठीक आहे माझी. पुस्तक चुकीचं बांधलं होतं." पुस्तक मिटून खाली ठेवलं. "मी बांधलं होतं."

फोन माझ्याकडे देऊन त्या तोंड फिरवून रडायला लागल्या.

"मामी, ही तर चांगली बातमी झाली," भाचा तिकडून विचारत होता. "मग आई रडतेय कशाला?"

"पुस्तक त्यांनी बांधलं होतं ना, म्हणून," मी म्हटलं. फोन ठेवला आणि दोन्ही पुस्तकं उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली.