चव्वेचाळीस उजवे गुडघे

रुग्णालयाच्या तळघरात नोंदींची खोली होती आणि त्या खोलीत फाईलताई होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ते उच्चारायची वेळ सहसा कुणावर यायची नाही. साठेक हजार फायली, छताला टेकलेली लोखंडी मांडणी, चाकांची एक शिडी, आणि चष्मा डोक्यावर सारून तो टेबलावर शोधत बसणाऱ्या बावन्न वर्षांच्या फाईलताई. वरून फोन यायचा, "ताई, मागच्या वर्षी जिन्यावरून पडलेले ते टक्कलवाले गृहस्थ, आडनाव आठवत नाहीये," आणि पाचव्या मिनिटाला टक्कलवाल्या गृहस्थांची फाईल लिफ्टमधून वर निघालेली असायची.

मग एके दिवशी सूचना लागली. सगळ्या नोंदी आता कॉम्प्युटरवर जाणार. मोठमोठ्या बँका आणि कारखाने वापरतात तसला भारी डेटाबेस येणार, त्यासाठी वेगळा सर्व्हर येणार, आणि चार जणांना प्रशिक्षणाला पाठवणार. चौघांच्या यादीत फाईलताई नव्हत्या.

त्या विचारायला गेल्या, तेव्हा कार्यालयातले साहेब अगदी प्रेमाने म्हणाले, "तुम्हाला कशाला ताई तो ताप? तुमचं सगळं डोक्यातच आहे की."

ते वाक्य त्यांना असं झोंबलं की दुपारचा डबा गोड लागेना. साठ हजार माणसं आपल्या हातून जाणार, आणि कुठे जाणार, कशी राहणार, हे आपण बघायचंसुद्धा नाही? दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनीअर तळघर बघायला आला. चांगला चाळिशीचा, घामाघूम, सतत घाईत असलेला माणूस. फाईलताईंनी त्याला आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "ते तुमचं सॉफ्टवेअर मला घरी शिकायला मिळेल का हो?"

"शिकण्यापुरतं फुकट उतरवून घेता येतं," इंजिनीअर म्हणाला, आणि एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. "पण ताई, घरच्या कॉम्प्युटरवर ते बसणार नाही. त्याला सर्व्हरच लागतो."

"बसणार नाही म्हणजे? बसवून बघितलंय कुणी?"

इंजिनीअर हसला आणि फायली मोजायला लागला.

घरचा कॉम्प्युटर म्हणजे काळा उंच डबा. तो बैठकीच्या कोपऱ्यात शिवणयंत्राशेजारी उभा असायचा. त्याच्यावर सगळ्यात जास्त हक्क अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंचा, कारण त्या दिवसभर त्याच्यावर पत्ते खेळायच्या आणि हरल्या की माऊसला बोल लावायच्या. रविवारी सकाळी फाईलताई त्या डब्यासमोर बसल्या, इन्स्टॉल करायला घेतलं, आणि दोन मिनिटांत खिडकी उघडली: या ऑपरेटिंग सिस्टीमवर हे सॉफ्टवेअर चालवण्याची सोय नाही.

"काय म्हणतंय?" सासूबाईंनी पलंगावरून विचारलं.

"म्हणतंय, तुमचं घर आमच्या तोलामोलाचं नाही."

"असं म्हणतंय?" सासूबाई ताडकन उठून बसल्या. "आण इकडे माझा चष्मा!"

तिथून त्या दोघींची जोडी जमली. ताईंनी शिवणकामाची मापं लिहायची वही उलटी करून मागच्या पानापासून टिपणं सुरू केली. इंटरनेटवर शोधता शोधता कळलं, की हे सॉफ्टवेअर बसण्याआधी एक यादी उघडून बघतं आणि आपल्या डब्याचं नाव त्यात नसलं की तोंड फिरवतं. पण कुठल्याशा देशातल्या कुणा भल्या माणसाने लिहून ठेवलं होतं, की सुरुवातीच्या हुकमापुढे चार शब्द जोडले तर ही तपासणी वगळता येते. ताईंनी एकेक अक्षर बोट ठेवून टाईप केलं. खिडकी आली, थबकली, आणि पुढे सरकली.

"घेतलं आत!" सासूबाईंनी टाळी वाजवली.

तीन टक्क्यांवर परत अडलं. या खेपेला कारण भलतंच निघालं. ताईंच्या यजमानांनी, म्हणजे शाळेच्या बसच्या ड्रायव्हरांनी, कॉम्प्युटर आणला त्या दिवशी हौसेने त्यातल्या खात्याला मराठीत 'आपलं घर' असं नाव दिलं होतं. सॉफ्टवेअरला ना मराठी अक्षरं पचत होती, ना दोन शब्दांमधली मोकळी जागा. एका शब्दाचं, रोमन अक्षरांतलं नवं खातं उघडावं लागलं. यजमान थोडे हिरमुसले. "एवढं महागाचं सॉफ्टवेअर, आणि एक जागा सोडलेली चालत नाही?" म्हणाले, आणि बस धुवायला गेले.

पुढच्या रविवारी मेमरी पुरेना. शोधलं तर मागे पत्त्यांचा डाव उघडाच होता.

"आई, हा बंद करावा लागेल."

"जिंकत आलेय मी."

"दोन तासच."

सासूबाईंनी बराच विचार केला. "एका अटीवर. टक्के मी वाचणार."

मग काय विचारता! घरात जणू धावतं समालोचन सुरू झालं. सासूबाई खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसल्या. "अठरा! अगं, एकोणीस! विसावर रेंगाळलंय. पळ रे बाबा, पळ!" मधेच पत्त्याचा घोळ झाला. म्हणजे डेटाबेसला कायमचा एक पत्ता हवा होता आणि घरच्या इंटरनेटचा पत्ता रोज बदलायचा. त्यावरचा उपाय वाचून ताईंना आधी हसूच फुटलं. कॉम्प्युटरमध्ये एक खोटं नेटवर्क कार्ड तयार करायचं, म्हणजे तो स्वतःच स्वतःशी बोलत बसतो.

"म्हणजे आपणच आपल्याला फोन लावायचा?" सासूबाईंनी विचारलं.

"आणि आपणच उचलायचा."

"उचलल्यावर काय म्हणायचं?"

"मी घरीच आहे, म्हणायचं," ताई म्हणाल्या, आणि दोघींना असं काही हसू आलं की पाठ केलेला हुकूम ताई विसरल्या आणि वही परत उघडावी लागली.

तिसऱ्या रविवारी गाडी पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत गेली आणि तिथे ठाण मांडून बसली. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. ताईंचा चेहरा उतरला. त्या डबा बंद करायला वाकल्या, तोच सासूबाई ओरडल्या, "थांब! ते खाली काय लुकलुकतंय?" पडद्याच्या तळाशी एक नारिंगी पट्टी उघडझाप करत होती. तिच्यावर दाबलं, तर मोठ्या खिडकीमागे दडलेली एक छोटी खिडकी पुढे आली. कॉम्प्युटरचा राखणदार बिचारा कधीचा विचारत होता, की या नव्या पाहुण्याला आत सोडू का? ताईंनी 'हो' दाबलं. शहाऐंशी. नव्वद. अठ्ठ्याण्णव. शंभर!

यजमान घरी आले तेव्हा त्यांची बायको आणि त्यांची आई एकमेकींचे हात धरून बैठकीत गरगर फिरत होत्या. "काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं. "बसलं!" दोघी एकदमच ओरडल्या. ते पटकन बाजूला सरकले, कारण बसलं म्हणजे कोण, कशावर, हे त्यांना कळेना.

आता डेटाबेस होता, पण त्यात भरायचं काय? रुग्णालयाची नोंद घरी आणणं ताईंच्या तत्त्वात नव्हतं. मग त्यांनी आपलेच रुग्ण तयार केले. नातेवाईक, शेजारी, पोस्टमन, दूधवाले मिळून चव्वेचाळीस जण, आणि प्रत्येकाला मनाला येईल तो आजार. थोरल्या नणंदेला जुनाट उचकी दिली. घरमालकांना दिसेल त्याला नाही म्हणण्याचा झटका दिला. पहिल्या क्रमांकाचा रुग्ण होण्याचा मान सासूबाईंनी मागून घेतला. वय मात्र चौऱ्याहत्तर लिहायला लावलं.

पुढच्या गुरुवारी संचालक मंडळासमोर प्रात्यक्षिक होतं, सकाळी अकराला. नवाला ताई कामावर पोचल्या तर इंजिनीअर तळघराच्या पायरीवर डोकं धरून बसलेला. सर्व्हर घेऊन येणारा ट्रक वाटेत बंद पडला होता. त्याचा स्वतःचा लॅपटॉप आधीच दुरुस्तीला. शेवटचा उपाय म्हणून त्याने स्वागतकक्षातल्या कॉम्प्युटरवर डेटाबेस बसवायला घेतला होता, तर तोच नन्नाचा पाढा: या ऑपरेटिंग सिस्टीमवर सोय नाही.

"माझ्या घरी बसलंय," ताई म्हणाल्या.

"ताई, आज चेष्टा नको."

ताईंनी पिशवीतून वही काढली. इंजिनीअरने एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि खोट्या नेटवर्क कार्डाच्या पानाशी पोचला तेव्हा उभा राहिला. "इथे नव्याने हे सगळं करायला दोन तास पुरायचे नाहीत. तुमचा डबाच आणता येईल?"

ताईंनी यजमानांना फोन लावला. मुलांना शाळेत सोडून बस नुकतीच रिकामी झाली होती. शाळेची परवानगी घेऊन ते घरी गेले, आणि सव्वादहाला रुग्णालयाच्या दारात पिवळी बस उभी राहिली. पहिल्या सीटवर पट्टा बांधून काळा डबा बसला होता. दुसऱ्या सीटवर, मांडीवर कीबोर्ड घेऊन, सासूबाई.

"तुम्ही कशाला आलात, आई?"

"टक्के कोण वाचणार?"

अकराला सभागृहात सात संचालक, मधोमध रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई. बाई मोजकं बोलणाऱ्या, आणि त्यांना हसताना कुणी पाहिल्याची नोंद साठ हजार फायलींत नव्हती. मोठ्या पडद्यावर आधी घरच्यांचा सहलीतला फोटो झळकला. मग ताईंनी काळी खिडकी उघडली. तिच्यात त्या हुकूम टाईप करायला लागल्या. "गुडघेदुखीचे रुग्ण दाखव" म्हटलं, क्षणात तिघे आले. "सत्तरीच्या वरचे" म्हटलं, एकच नाव उरलं: रुग्ण क्रमांक एक, वय चौऱ्याहत्तर, डावा गुडघा.

"उजवा!" मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

सातही माना वळल्या. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. "डावा ठणठणीत आहे माझा. दुखतो तो उजवा. लिहिताना लक्ष कुठे होतं गं तुझं?"

इंजिनीअरने डोळे मिटले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चुकीची नोंद दुरुस्त कशी होते, तेच दाखवा."

ताईंनी घाईघाईने हुकूम दिला: तक्रार बदल, उजवा गुडघा कर. कुणाची तक्रार, हे सांगणारी ओळ लिहायची राहून गेली. पडद्यावर उत्तर आलं: चव्वेचाळीस नोंदी बदलल्या.

ताईंनी यादी मागवली. पोस्टमन, उजवा गुडघा. दूधवाले, उजवा गुडघा. नणंदेची उचकी गेली, उजवा गुडघा आला. घरमालक, उजवा गुडघा. दाराशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनी पडद्यावर आपलं नाव वाचलं आणि नकळत वाकून गुडघा चाचपला.

पहिल्यांदा कोण फिस्कन हसलं ते कळलं नाही, पण बघता बघता सगळा हॉल हसायला लागला. एक संचालक म्हणाले, "साथच आली म्हणायची!" ताईंच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. साठ हजार फायलींत असं झालं असतं तर? आणि त्याच क्षणी त्यांना वहीतलं बाविसावं पान आठवलं. पक्कं कर म्हणून सांगत नाही तोवर डेटाबेस जुनं काही टाकून देत नाही.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या, आणि मागे फिरण्याचा एका शब्दाचा हुकूम दिला. परत यादी मागवली. पोस्टमनची सर्दी जागेवर. नणंदेची उचकी जागेवर. घरमालक पुन्हा नाही म्हणायला मोकळे. मग ताईंनी सावकाश, मोठ्याने वाचत, रुग्ण क्रमांक एक एवढ्यांचाच गुडघा उजवा केला आणि पक्कं कर म्हणून सांगितलं. एक नोंद बदलली.

मग डॉक्टरीणबाई हसल्या. चांगल्या खळखळून, रुमाल काढावा लागेल इतक्या हसल्या. "कागदावर अशी चूक झाली असती तर आपण महिनाभर खोडत बसलो असतो," त्या म्हणाल्या. "आणि प्रशिक्षणाच्या यादीत यांचं नाव का नाही?"

कार्यालयातले साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

संध्याकाळपर्यंत यादी पाच जणांची झाली. ताई प्रशिक्षणाला गेल्या आणि शिकवणाऱ्यालाच इतके प्रश्न विचारले की तिसऱ्या दिवशी त्याने त्यांना पुढच्या बाकावरून उठवून फळ्यापाशी उभं केलं. इंजिनीअरने वहीच्या पानांच्या प्रती काढून नेल्या. त्यात चुकून एका ब्लाऊजची मापंही गेली, आणि त्याच्या कंपनीत कुणीतरी फोन करून विचारलं, की छाती छत्तीस ही कुठली सेटिंग आहे.

महिन्याभराने सर्व्हर आला. थंडगार खोली, निळे दिवे, सगळा थाट. ताई आणि इंजिनीअर शेजारी शेजारी बसले आणि सॉफ्टवेअर चढवायला घेतलं. एक खिडकी अडली नाही, एक तक्रार आली नाही, वीस मिनिटांत शंभर टक्के. इंजिनीअरने समाधानाने मान हलवली. ताई पडद्याकडे बघतच राहिल्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं की."

"अय्या, यात काहीच मजा नाही आली," फाईलताई म्हणाल्या, आणि पहिली खरी फाईल आणायला जिना उतरून तळघरात गेल्या.