रिबेकामावशींची बारावी सूचना

रिबेका नागावकर यांचा अपमान झाला तो १९७१ सालच्या मार्चमधल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी साडेदहा वाजता, लीड्समधल्या त्यांच्या स्वतःच्या घराच्या पायरीवर. पायरीवर हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अपमान करणारा आत आलाच नाही. घर विकून देणाऱ्या एजन्सीचा तो माणूस. त्याने बाहेर उभ्याउभ्याच एक कागद मावशींच्या हातात दिला आणि म्हणाला, "मिसेस नागावकर, घर घेणाऱ्यांना जरा काळजी वाटते आहे. तुमच्या लोकांच्या स्वयंपाकाचा वास वगैरे. एवढं सगळं झालेलं दिसलं तरच ते चावी घेतील."

कागदावर मथळा होता, 'घर सोडताना करावयाची स्वच्छता'. खाली अकरा सूचना. भिंती साबणाने धुवाव्यात. मोऱ्यांत आणि कपाटांत जंतुनाशक वापरावे. अकरावी सूचना अशी, की शेवटचे तीन दिवस घरात मसाल्याचा स्वयंपाक करू नये.

मावशींनी कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि विचारलं, "ओव्हनच्या मागची भिंत कुठे आहे ह्यात?"

त्याला काही कळलं नाही.

"ओव्हन पुढे ओढल्याशिवाय ती भिंत दिसत नाही. तुमच्या यादीत नाही ती. मी घालू का?"

मी आत पॅसेजमध्ये चहाचे कप घेऊन उभी होते. कप बशीवर वाजत होते. मावशी दार लावून वळल्या आणि म्हणाल्या, "सुधे, आधी कप ठेव. फुटले तर तो म्हणेल, पॅकिंगही येत नाही ह्यांना."

मागची बाजू बघणं ही रिबेकामावशींची जुनी सवय. त्या लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये कामाला होत्या. धुऊन आलेली प्रत्येक चादर त्या खिडकीपाशी उजेडात धरायच्या, उलटी करायच्या, मगच घडी घालायच्या. माझे वडील त्याच हॉस्पिटलात डॉक्टर. घरं भाड्याने देताना काळ्या-गोऱ्याचा भेद करणाऱ्यांविरुद्ध आम्ही काही तरुण मुलं तेव्हा पत्रकं काढायचो. एकदा हॉस्पिटलच्या दारात मी ती वाटत होते, तेव्हा एका बुटक्या, पांढऱ्या कोटातल्या बाईंनी एक घेतलं आणि चादरीसारखंच उजेडात धरलं. मग चक्क मराठीत म्हणाल्या, "साठे डॉक्टरांची ना गो तू? छापलंयस बरं, पण शाई फुटलीय. लोकांना आधी डाग दिसतो. अन्याय मागाहून."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला कुणी सुधारलेलं खपत नसे. तरी पुढच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. शनिवार त्यांचा विसाव्याचा पवित्र वार, त्या दिवशी घरात चूल नाही, झाडू नाही, आदल्या दिवशी केलेलं जेवण. त्या अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. प्रार्थना हिब्रूत, भांडण मराठीत आणि बसचं तिकीट इंग्रजीत, असं त्या म्हणायच्या. त्यांचे यजमान सॅम्युएलकाका बस कंडक्टर होते. ते एकोणसत्तरमध्ये वारले. मुलगी हॅना लंडनला. तिला बाळ होणार होतं आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायला बंदी केली होती. हॅनाच्याच जिन्यावर, खालच्या मजल्यावर, एक लहानसा फ्लॅट मावशींना मिळत होता. अट एकच. लीड्सचं घर ज्या शुक्रवारी विकलं जाईल, त्याच शुक्रवारी फ्लॅटचा व्यवहार व्हायचा, आणि तो शुक्रवार पंधरा दिवसांवर आला होता. इकडची चावी कुणी घेतली नाही, तर तिकडची मिळणार नव्हती. फ्लॅटला दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही त्या गुरुवारी दुपारी मी बाहेर पडले आणि आमच्या संघटनेत शिकवल्याप्रमाणे दारोदार विचारत फिरले. त्याच रस्त्यावर त्याच एजन्सीच्या पाट्या लागलेली आणखी दोन घरं होती, दोन्ही इंग्रजांची. असा कागद कुणालाच मिळाला नव्हता. तिसरे एक गृहस्थ याच एजन्सीमार्फत घर विकून कोपऱ्यापलीकडे राहायला गेले होते. ते हसायलाच लागले. म्हणाले, "कागद? मी तर पोपटाचा पिंजरा तसाच ठेवून आलो. आत पोपट नव्हता, बाकी सगळं होतं."

संध्याकाळपर्यंत माझं पत्रक तयार होतं. 'हा कागद फक्त आम्हालाच का?' वर एजन्सीचं नाव, खाली मावशींचं. तीनशे प्रती काढून मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्या.

मावशींनी वरची प्रत वाचली. शाई फुटलेली नव्हती, तेवढं त्यांनी मान्य केलं. मग म्हणाल्या, "शुक्रवारी चावी त्यांच्या हातात पडेपर्यंत ह्यातला एक कागद जरी रस्त्यावर दिसला ना, तर तू माझ्या दारात येऊ नकोस."

"मावशी, तुम्ही घाबरताय."

"घाबरतेच आहे. माझी पोर तिकडे पडून आहे. तू नाही घाबरायचीस, तुझं काय जातंय?"

मी दुसरा मुद्दा काढला. "मग निदान साफ तरी करू नका. कायद्यानं फक्त सामान हलवून घर रिकामं करून द्यायचं असतं. धुवायचं बंधन कुणावरच नाही. त्या कागदाबरहुकूम तुम्ही भिंती धुतल्यात, तर ते म्हणणार, बघा, सांगितलं तेव्हा झाले स्वच्छ."

"म्हणू देत. अगो, पेसाह महिन्यावर आलाय. सणाआधी मी दरवर्षी घर उभं-आडवं धुते, पावाचा कण ठेवत नाही कोपऱ्यात. तो मेला कागद घेऊन आला म्हणून मी माझा सण सोडू?"

मग त्यांनी मला त्या घरातला त्यांचा पहिला दिवस सांगितला. बासष्टचा नोव्हेंबर, दुपारी चारलाच काळोख. काका आणि त्या ट्रंका घेऊन आत आले आणि बटण दाबलं तर उजेड नाही. आधीच्या बाईने जाताना प्रत्येक खोलीतला बल्ब काढून नेला होता. ओव्हनमध्ये बोटभर चरबी, मोरीत जुने बूट. हॅना तेव्हा शाळकरी, रडायला लागली. तेवढ्यात शेजारच्या मिसेस डॉब्सन आल्या आणि आपल्या पॅसेजमधला बल्ब काढून ह्यांच्या स्वयंपाकघरात लावून गेल्या.

"तिचा पॅसेज दोन दिवस काळोखात होता, सुधे. आमची ओळखसुद्धा नव्हती. त्या आधीच्या बाईला कुणी यादी दिली होती का?"

"तेच तर मी म्हणतेय."

"तू तिला यादी का दिली नाही म्हणतेस. मी म्हणते, येणाऱ्या बाईला आल्याआल्या चहा करता आला पाहिजे. तिने पहिला झाडू शोधला तर लाज माझी. एवढंच माप."

मला ते पटलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी बाह्या सरसावून त्यांच्याकडे हजर झाले, कारण ओव्हन त्यांना एकटीला ओढवणार नव्हता.

दोन आठवडे आम्ही ते घर घासलं. यादीतल्या दहा गोष्टी झाल्या आणि यादीत नसलेल्या तितक्याच. दारांच्या वरच्या कडा, नळांची मागची बाजू, तळघरातली कोळशाची जागा. पुढची पायरी मावशी गुडघे टेकून धुवायच्या आणि तिच्या कडेला फिकट दगडाने रेघ ओढायच्या. तो दगड भंगारवाला जुन्या कपड्यांवर द्यायचा. आपल्याकडे बोहारीण भांडी देते तसाच सौदा, म्हणून त्यांना त्याचं भारी अप्रूप. अकरावी सूचना तेवढी त्यांनी मोडली. शेवटच्या गुरुवारी बांगड्याचं कालवण केलं, कोकमाचं आगळ घालून, आणि मला दोनदा वाढलं. "वास राहू दे," म्हणाल्या. "मळ नाही राहणार."

शुक्रवारी सकाळी नऊला एजन्सीचा माणूस त्या कागदाची आपली प्रत घेऊन आला. या वेळी आत आला, कारण बरोबर घर घेणारी मिसेस हारग्रीव्ह्ज होती. पोरगेलीशी, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. त्याने दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. कपाटं उघडली. स्वयंपाकघरात नाक वर करून थांबला. मिसेस हारग्रीव्ह्ज म्हणाली, "मासा आहे का? आमच्या आईच्या धुरावलेल्या किपर माशांपेक्षा बरा वास आहे." मला ती आवडली, हे मला त्या वेळी आवडलं नाही.

मग तो पुन्हा पुढच्या दाराशी गेला आणि थांबला.

"ह्या मुठी बदलल्यात तुम्ही."

कुणालाच काही कळेना. त्याने दाराची मूठ दाखवली, लेटरबॉक्सची झडप दाखवली, आतल्या खोल्यांच्या मुठी दाखवल्या. "मी फेब्रुवारीत आलो तेव्हा इथे जुन्या, काळ्या मुठी होत्या. ह्या नव्या पितळेच्या आहेत. जुन्या वस्तू घराबरोबर विकल्या गेल्यात, मिसेस नागावकर. काढून नेता येत नाहीत. मला सॉलिसिटरला फोन करावा लागेल."

मावशींचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. बारा वाजता लंडनला जाणारी कोच बस होती. फोन, मग पत्र, मग सोमवार. आणि फ्लॅट आजचाच. मी तोंड उघडलं. माझ्याजवळ त्या माणसाला ऐकवायला बरंच काही तयार होतं. मावशींनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "सुधे, तळघराचं दार घासलंस तू?"

मी नव्हतं घासलं. आदल्या संध्याकाळी दमले होते, राहू दे म्हटलं होतं, आणि त्यांना सांगितलंही नव्हतं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून आळसाचं कौतुक मी तेवढं एकदाच ऐकलं.

तळघराच्या दाराची मूठ लीड्सच्या काजळीने मिट्ट काळी होती. मावशींनी पिशवीतून वाटी काढली. तिच्यात भिजवलेली चिंच होती आणि मीठ. बाकीच्या मुठी घासून उरलेली फेकवेना म्हणून ठेवली होती, की मनात कुठे तरी शंका होती, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. चिंचेचा गोळा त्यांनी मुठीवर चोळला, मिनिटभर थांबल्या आणि ओल्या फडक्याने पुसलं. काळ्यातून पिवळंधमक पितळ वर आलं. अर्धीच मूठ त्यांनी घासली होती. उरलेली अर्धी तशीच ठेवून त्यांनी वाटी त्या माणसापुढे धरली.

"उरलेली तुम्ही करा. बाकीच्याही अशाच उजळल्यात, बदललेल्या नाहीत."

त्याने हात पुढे केला नाही. मिसेस हारग्रीव्ह्जने बाह्या वर केल्या, वाटी घेतली आणि मूठ घासली. मग वाकून जवळून बघत म्हणाली, "हे खायचं असतं?"

"काल कालवणात होतं," मी म्हटलं. ते खोटं होतं, कालवणात आगळ होतं. पण तेवढं मला बोलायचंच होतं.

तिने चावी घेतली. त्या माणसाने आपली प्रत घडी करून खिशात घातली. मावशी स्वयंपाकघरात खुर्ची नव्हती म्हणून खिडकीच्या कट्ट्याला टेकल्या. आम्ही दोघी काही कारण नसताना हसत सुटलो.

जाण्यापूर्वी त्यांनी चौकटीवरची मेझूझा काढली. पवित्र वचनांची गुंडाळी आत असलेली ती छोटी डबी. बोटं टेकवून ती बोटं ओठांना लावली आणि डबी पर्समध्ये ठेवली. खिळ्यांच्या दोन भोकांत लांबी भरली, अंगठ्याने सारखी केली. मग प्रत्येक खोलीचं बटण दाबून बल्ब लागतात का पाहिलं. शेजारी मिसेस डॉब्सन निरोप द्यायला बाहेर आल्या होत्या. मावशी त्यांच्या गळ्यात पडल्या.

कोचच्या पायरीवर चढून त्या वळल्या. "आता वाट तुझे कागद. आणि माझं नाव पूर्ण घाल."

मी तीनशेच्या तीनशे वाटले. एजन्सीने माफी मागितली नाही. पण उन्हाळ्यात त्याच रस्त्यावरच्या एका पंजाबी कुटुंबाने त्याच एजन्सीमार्फत घर विकलं, तेव्हा मी जाऊन विचारलं. कागद आला नव्हता. आणि एप्रिलमध्येच हॅनाला मुलगा झाला. त्या वेळी आजी खालच्याच मजल्यावर होती.

रिबेकामावशी गेल्या हिवाळ्यात वारल्या, लंडनला, झोपेत. हॅनाने फ्लॅट आवरायला मला बोलावलं. ओव्हन आम्ही पुढे ओढला. मागची भिंत स्वच्छ होती. स्वयंपाकघराच्या खणात तो कागद सापडला. एजन्सीच्या माणसाने आणलेली त्यांची प्रत त्यांनी फाडली नव्हती. दरवर्षी पेसाहच्या आधी बाहेर काढत असाव्यात, कारण प्रत्येक सूचनेपुढे पेन्सिलीच्या पाच-सहा खुणा होत्या. अकराव्या सूचनेवर काट मारलेली. आणि खाली त्यांच्या ठसठशीत मराठी अक्षरात बारावी : 'बल्ब ठेवणे.'

मी सहा वर्षं लोकांना सांगत आले की असले कागद फाडून टाका. आता तसं सांगत नाही. तुम्ही घर विकत असाल आणि तुमच्या हातात असा कागद ठेवला गेला, तर तो जपून ठेवा. त्याच दिवशी शेजारचं दार वाजवा आणि विचारा, तुम्हाला मिळाला का. नाही म्हणाले तर तो कागद घेऊन आमच्या संघटनेकडे या, पुढचं आम्ही बघतो. आणि जाताना बल्ब काढून नेऊ नका.