अर्धं कणीस

बंदूक दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि किस्से फार! परभणीत माधव उस्तादांच्या दुकानी शाळा सुटल्यावर आम्ही दोन-तीन मास्तर बसायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट, पण किस्से अजून सरत नाहीत. उस्ताद पांचाळांच्या घरातले, लोखंडाचे दर्दी. जुन्या रिव्हॉल्व्हरवरचे बारीक इंग्रजी शिक्के भिंगातून वाचून देणं हे माझं काम.

उस्तादांचे नियम दोन. हत्यार रिकामं आहे की नाही, हे स्वतः उघडून बघायचं. आणि दुरुस्त झालेलं हत्यार मागच्या अंगणात वाळूच्या पोत्यावर, गिऱ्हाइकादेखत चालवल्याशिवाय द्यायचं नाही.

*

ताडकळसचे एक पाटील फडक्यात रिव्हॉल्व्हर बांधून आले. "रिकामंच हाय हो!"

उस्तादांनी गोळ्यांची चकरी उघडली. तीन गोळ्या टपटप खाली पडल्या.

पाटील गोळ्या वेचत म्हणाले, "नात रोज खेळायली याच्यासंगं... काल माझ्याच छातीवर धरलं, अन् मी मेल्याचं सोंग केलं!"

*

वालूरचा एक व्यापारी. "आमच्या आजोबांनी ह्याच्यानंच जीव दिला. किती जुनं हाय, बघा."

मी नंबर उतरवून विलायतेतल्या कारखान्याला पत्र टाकलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं. हत्यार बनलं होतं आजोबा वारल्यावर नऊ वर्षांनी!

व्यापाऱ्यानं पत्र घडी घालून माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाला, "मास्तर, हे पत्र फाडून टाका. आजी अजून जिवंत हाय."

*

उस्तादांची एक खोड होती. चाप अडको की घोडा तुटो, आधी मुठीची लाकडं काढून आतून बघायचे. आम्ही चेष्टा करायचो, "उस्ताद, दुखायलंय डोकं अन् तुमी बघायलाव तळपाय!"

एकदा ते हसले नाहीत.

"थोरला भाऊ दुरुस्तीची खूण म्हणून मुठीच्या आत कणीस कोरायचा. रझाकारीच्या गडबडीत एका गिऱ्हाइकानं लय घाई केली, कणीस अर्धंच राह्यलं. नीट झालेलं रिव्हॉल्व्हर त्यानं हातात घेतलं अन् भावावरच झाडलं. मी तिथंच भाता ओढायलो होतो. गिऱ्हाइकाचं तोंड मुंडाशानं झाकलेलं. ते हत्यार हुडकायलोय."

मला चेष्टेची लाज वाटली. अजून वाटते.

*

पुढच्या उन्हाळ्यात गंगाखेडचे एक सभ्य गृहस्थ आले. वडील नुकतेच वारलेले. "रझाकारीच्या आधीपासून बाबांपाशी हाय, त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला न्हाई. आता घोडा उठत न्हाई, बघा."

उस्तादांनी मुठीचं लाकूड काढलं आणि भिंग माझ्याकडे सरकवलं.

अर्धं कणीस!

मी वर बघितलं, तर उस्ताद घोडा सुटा करायला लागले होते.

तीन दिवस त्यांनी ते रिव्हॉल्व्हर दुरुस्त केलं. घोडा बसवला, नळी साफ केली, तेल दिलं. चौथ्या दिवशी गृहस्थ आले, तेव्हा फडक्यात गुंडाळून पुढं ठेवलं. उस्ताद अंगणाकडं गेलेच नाहीत.

गृहस्थांना नियम ठाऊक होता. "चालवून बघायचं न्हाई का, उस्ताद?"

"तुमच्या वडलांनी बघितलंय, मालक. माझ्यासमोर."